पहिला चित्रपट, नागपूर आणि कागदांची फाईल

जुलै २०२५ मध्ये माझ्या पहिल्या मराठी चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं. आपण सगळे ज्याला सेन्सॉर म्हणतो ते. चित्रपट नागपुरात घडतो, नागपुरातच चित्रित झाला आणि त्यातली निम्म्याहून जास्त मंडळी इथलीच आहेत. नाव मुद्दाम देत नाही, कारण हे जाहिरातीसाठी लिहिलेलं नाही. एकांकिका आणि शॉर्टफिल्म करणारी नागपूर-अमरावतीकडची मुलं-मुली फोन करतात ती कॅमेरा कोणता, लेन्स कुठली, एडिटिंग कशावर केलं हे विचारायला. परवानग्या, करारपत्रं, हमीपत्रं यांबद्दल क्वचितच कुणी विचारतं. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टींची वाटली होती, आणि चित्रपट घडवला तोही बराचसा यांनीच.

थोडं आधीचं सांगते. कॉलेजात राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर नाटकं केली. दोन हंगाम पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टिंग केलं. वडसा गाठायचं, रात्रभर प्रयोग, पहाटे परत. पुण्याच्या चित्रपट संस्थेची, म्हणजे एफटीआयआयची, प्रवेश परीक्षा दिली, निवड झाली नाही. बाबांना काळजी वाटायची, पण त्यांनी एक उदाहरण धरून ठेवलं होतं. राजकुमार हिरानी नागपूरचे. त्यांच्या वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती. ते एफटीआयआयमध्ये संकलन शिकले, पुढे वर्षानुवर्षं जाहिराती केल्या आणि दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आला २००३ साली, चाळिशी ओलांडल्यावर. बाबा म्हणायचे, "घाई नको करू, पण बसूनही नको राहू." २०१७ मध्ये मी मुंबईला गेले.

मालिकेच्या सेटवर चौथी असिस्टंट म्हणून लागले. घोडबंदर रोडवरचा बंगला, बारा तासांची शिफ्ट. काम कंटिन्युइटीचं. मागच्या सीनमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होतं, कुंकू कसं होतं, सगळं लिहून ठेवायचं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिका असते बावीस मिनिटांच्या आसपास. ती रोज पुरवायची म्हणजे रोज तेवढी मिनिटं कॅमेऱ्यात यायला हवीत, नाहीतर आगाऊ तयार ठेवलेल्या भागांची बँक संपते आणि चॅनेलचे फोन सुरू होतात. टीव्हीत काम करणाऱ्यांना 'डेली सोपवाले' म्हणून जे कमी लेखतात त्यांनी एकदा त्या सेटवर उभं राहून बघावं. एका खोलीत सात पात्रं, दोन कॅमेरे, दुपारच्या जेवणाआधी तीन सीन, आणि कुणाची नजर चुकलेली चालत नाही. पात्रं कशी उभी करायची, पूर्ण दृश्याचा मास्टर शॉट कधी घ्यायचा, चेहऱ्याचा क्लोज कधी टाळायचा, हे मी तिथे शिकले. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे राज्यात चित्रीकरण थांबलं आणि बऱ्याच मालिकांची युनिट गोव्याला गेली. आमचे दिग्दर्शक प्रवास करू शकत नव्हते. तेव्हा काही भाग पहिल्यांदा माझ्या हाती आले. पुढची दोन वर्षं एपिसोड डायरेक्टर म्हणून काम केलं, पैसे बाजूला टाकले आणि रात्री पटकथा लिहिली.

२०२३ च्या दिवाळीत नागपूरला आले ती पटकथा घेऊनच. गोष्ट साधी आहे. शेती सुटलेला एक माणूस शहरात ऑटो चालवतो आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला पोळ्याला बैल हवेत. पैशांची जमवाजमव हा वेगळाच विषय आहे. एवढंच सांगते की मामेभाऊ आणि मी भागीदारी संस्था काढली, इथल्या दोन उद्योजकांनी पैसे घातले, माझी बचत गेली, आणि शेवटचा हिशेब ४० लाखांच्या थोडा वर गेला. संस्था, पॅन, चालू खातं आणि जीएसटी हे सगळं पहिल्यांदा उरकून घ्या. पुढचा प्रत्येक अर्ज निर्मात्याच्या नावाने होतो. नाव प्रत्येक ठिकाणी अक्षरशः एकसारखं असावं, 'फिल्म्स' आणि 'फिल्म' एवढाही फरक नसावा.

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवली. ते काम घरबसल्या झालं. चित्रपटाच्या नावाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे केली. आम्हाला हवं असलेलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. दोन-तीन पर्याय हाताशी ठेवले होते, त्यातलं एक मिळालं. आता वाटतं तेच बरं होतं. पण त्या आठवड्यात मी खूप नाराज होते, कारण वर्षभर मनात त्याच नावाने चित्रपट चालत होता. नाव मंजूर होईपर्यंत पोस्टर करू नका, सोशल मीडियावर घोषणा करू नका.

आता मुलांचं. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक सर्रास कानाडोळा करतात आणि तसं करू नये.

माझ्या चित्रपटात सात मुलं आहेत, सगळी चौदा वर्षांखालची. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ ची दुरुस्ती आणि त्यापाठोपाठ २०१७ चे नियम आले, त्यांत बालकलाकारांना काम करायची मुभा आहे, पण अटींवर. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी घ्यावी लागते. 'नमुना क' मध्ये हमीपत्र द्यायचं, सोबत मुलांची यादी, आई-वडिलांची संमती आणि मुलांची जबाबदारी कोणावर आहे त्या व्यक्तीचं नाव. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडणार नाही याची सोय करायची. मुलाच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा. हमीपत्र सहा महिने चालतं.

जून २०२४ मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेले. तिथल्या एका बाईंनी अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "ताई, असा अर्ज आमच्याकडे फार येत नाही. पाहून सांगते." त्यांनी नियम काढून बघितले, दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, तिथून कामगार विभागाचं म्हणणं मागवलं गेलं. महिना गेला. मधे पालकांच्या संमतीपत्रांवर दोघांच्याही सह्या हव्यात असं सांगितलं, त्या आणल्या. एका मुलाचे वडील गोंदियाला कामाला होते, त्यासाठी मामेभाऊ स्कूटर घेऊन तिकडे गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी हातात आली. माझा सल्ला असा की चित्रीकरणाच्या निदान तीन महिने आधी अर्ज करा, पण फार आधीही नको, कारण ते सहा महिने मोजायला लागतात.

मुदत ठेवीचं काम कागदावर एका ओळीचं वाटतं. प्रत्यक्षात सात मुलांची खाती उघडायची म्हणजे सात जन्मदाखले, सात आधार, पालकांचं केवायसी आणि बँकेच्या शाखेत सात कुटुंबं. मुलांना दिवसाला दोन हजार रुपये मानधन होतं, त्यातले चारशे ठेवीत. एका मुलाची आई घरकाम करते. पासबुक हातात आल्यावर तिने ते पदराला पुसून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "हे पैसे कोणी काढू नाही शकत ना?" तिला नियम समजावून सांगताना मला पहिल्यांदा वाटलं की मी चित्रपट करते आहे.

पाच तासांच्या अटीने माझी सगळी शूटिंगची पद्धत बदलली. मुलांचा प्रत्येक सीन मी आधी मोठ्या माणसांना उभं करून रिहर्स केला, लायटिंग पूर्ण केलं, फोकसच्या खुणा घेतल्या आणि मग मुलांना बोलावलं. सात पानांचा एक सीन होता. वेळेच्या हिशेबात बसेना म्हणून मी तो चार पानांवर आणला, आणि तो चार पानांतच असायला हवा होता. मुलं ताजी असायची. दुपारी तीन वाजता त्यांची गाडी निघायची, कुणी थांबा म्हणायचं नाही. आमच्या सेटवरची सगळ्यात कडक शिस्त हीच होती.

दुसरी गोष्ट बैलांची. मूळ पटकथेत शेवटी खरी बैलजोडी होती, सजवलेली, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. चित्रपटात प्राणी वापरायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय हरियाणात बल्लभगढला आहे. २००१ चे नियम आहेत. चित्रीकरणाआधी अर्ज करायचा, त्यात प्राणी किती, कुठले, कोणत्या शॉटमध्ये काय करणार ते लिहायचं. पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि मालकाची संमती जोडायची, शुल्क भरायचं. चित्रीकरण झाल्यावर पुन्हा अर्ज करून ना-हरकत मिळवायची. ती नसेल तर सेन्सॉरकडे अर्ज अडतो.

मी हे सगळं करायला तयार होते. बैलवाला शोधला होता, पशुवैद्याशी बोलणं झालं होतं. पण अर्जातला एक रकाना भरताना हात थांबला. प्राणी या दृश्यात का आवश्यक आहे, याचं उत्तर मला लिहिता येईना. गोष्ट तर बैल नसलेल्या घराची आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझ्या ऑटोवाल्याच्या मुलासाठी हाच पोळा खरा होता. त्या रात्री शेवट नव्याने लिहिला. खरी बैलजोडी गेली आणि तिच्या जागी वडिलांनी जुन्या पलंगाच्या लाकडातून केलेला बैल आला, चाकं वाकडी असलेला. मुंबईच्या एका सहकाऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, परवानगी टाळायला गोष्ट बदलली. तसं नव्हतं. त्या अर्जाने मला माझीच पटकथा नीट वाचायला लावली.

प्राणी नाहीत असं ठरलं, तरी रस्त्यावरच्या शूटिंगमध्ये कुत्री आणि गाई येतातच. महाल या जुन्या नागपुरातल्या भागाच्या गल्लीत तर येणारच. संकलनाच्या वेळी मी असे शॉट एकेक करून काढले किंवा फ्रेम जवळ घेतली. चित्रीकरणाच्या वेळी एक माणूस फक्त त्यावर लक्ष ठेवायला ठेवला होता. हे तुम्हीही करा.

तारखा ठरवताना मला नागपूर नव्याने कळलं. जन्म इथे गेला तरी असा विचार कधी केला नव्हता. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला आला. ३ तारखेला तान्हा पोळा आणि त्याच दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मोठी मिरवणूक. काळी-पिवळी मारबत, बडगे, सगळा महाल आणि इतवारी रस्त्यावर. मला वाटलं होतं खऱ्या गर्दीत काही शॉट मिळतील. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मारबतीच्या दिवशी पाय ठेवायले जागा नसते, तुम्ही कॅमेरा कुठं ठेवसान? त्यात लहान पोट्टे." त्यांचं बरोबर होतं. मुलांची जबाबदारी माझ्यावर होती. ७ तारखेला गणपती बसले, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत बंदोबस्त. १२ ऑक्टोबरला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्याआधी शहर मोकळं करायला हवं. पुढे विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागणार हे दिसतच होतं. १५ ऑक्टोबरला ती लागलीही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. म्हणजे माझ्या हातात राहिला तो १८ सप्टेंबरपासूनचा पंधरवडा आणि त्यापुढचे थोडे दिवस. पंधरवडा म्हणजे पितृपक्ष.

मुहूर्ताचा नारळ पितृपक्षात फोडायला युनिटमधले काही लोक तयार नव्हते. ज्यांच्या वाड्यात शूटिंग करायचं होतं त्या आजी म्हणाल्या, "काहून बाई, पंधरा दिवस थांबता नाही येत का?" मी त्यांना मुलांच्या परवानगीची मुदत, पोलिसांच्या तारखा, सगळं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "लेकरांचं काम आहे तर करा. पितरांना लेकरांचं वावडं नसते." गणपती उठायच्या आदल्या दिवशी त्यांच्याच देवघरासमोर नारळ फोडला. पितृपक्षात लग्नाचे लॉन, मंगल कार्यालयं, मंडपवाले, जनरेटर, लाइटवाले सगळे रिकामे असतात. आम्हाला जेवणासाठी आणि मेकअपसाठी एक हॉल निम्म्या भाड्यात मिळाला. कमी पैशांत काम करायचं असेल तर हे दिवस वाईट नाहीत.

रस्त्यावरच्या चित्रीकरणासाठी महापालिकेच्या गांधीबाग झोनमध्ये अर्ज, पोलीस ठाण्याचं ना-हरकत पत्र, वाहतूक शाखेचं पत्र, अशी साखळी होती. प्रत्येक ठिकाणी आधीच्या पत्राची प्रत मागतात. मी सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स एका निळ्या फाईलमध्ये ठेवल्या होत्या आणि ती फाईल सेटवर कायम असायची. बंदोबस्ताचे दोन हवालदार रोज सकाळी येऊन आमच्याबरोबर तर्री पोहे खायचे. ड्रोनचा विचार सोडून दिला. शहरात विमानतळ आहे, वायुसेनेचा तळ आहे, ड्रोन उडवण्याच्या नकाशावर आमच्या जागा मोकळ्या हिरव्या पट्ट्यात येत नव्हत्या. वरून दिसणारा महाल मला हवा होता, पण मुलाच्या उंचीवरून दिसणारा महाल जास्त हवा होता.

प्रत्यक्ष चित्रीकरणाबद्दल फार लिहीत नाही. ऊन होतं, एका दिवशी मुसळधार पाऊस आला, रात्रीचे दोन सीन राहिले ते अधिवेशन संपल्यावर जानेवारीत घेतले. मालिकेच्या सवयीने मी वेगात होते. कॅमेरामन मला म्हणायचा, ताई, इथे बँक नाही भरायची. त्याचं ऐकून मी काही सीन जाणूनबुजून हळू केले.

मग खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. नागपूरचा ऑटोवाला दाखवायचा आणि त्याच्या हातात खर्रा नाही, हे मला पटेना. पण पडद्यावर तंबाखू दिसला की नियम लागू होतात. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी तीस सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत, त्याच दोन ठिकाणी वीस सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि जितका वेळ तंबाखू दिसेल तितका वेळ पडद्याच्या तळाशी इशारा, तोही चित्रपटाच्याच भाषेत. शिवाय तो दाखवण्याला सबळ कारण हवं. पहिल्या कटमध्ये खर्रा पाच जागी होता. सगळीकडे तळाशी पट्टी. चित्रपट बघणं कठीण झालं. शेवटी एकच जागा ठेवली, जिथे मुलगा वडिलांच्या खिशातून पुडी काढून नालीत फेकतो. तिथे पट्टी असली तरी काही बिघडत नाही. बाकीच्या ठिकाणी ऑटोवाला नुसता गालात काहीतरी धरून बोलतो, आणि नागपूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

पोस्ट प्रॉडक्शनमधले करार करताना एक खर्च वाढला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात करारांसाठी शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागू झाला. संगीतकार, गीतकार, गायक, डबिंगचे कलाकार, प्रत्येकाशी करार म्हणजे प्रत्येकी पाचशे. रक्कम मोठी नाही, पण धरून ठेवा. करार मात्र टाळू नका. संगीताच्या हक्कांचे कागद पुढे वितरकही मागतात.

सेन्सॉरच्या अर्जाची तयारी मार्च २०२५ पासून केली. नागपुरात मंडळाचं कार्यालय नाही. प्रादेशिक कार्यालयं नऊ आहेत, आपल्यासाठी मुंबई. अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर करायचा. एका ओळखीच्या माणसाने 'एजंट बघ, घरबसल्या होऊन जाईल' असं सुचवलं आणि रक्कमही सांगितली. मी नाही म्हटलं. पोर्टल नीट वाचलं तर हे काम स्वतः करता येतं. फक्त शांतपणे, रोज थोडं थोडं करायचं. आम्ही अर्ज मामेभावाच्या नावाने, निर्माता म्हणून भरला.

कथेचा सारांश, श्रेयनामावली, गाण्यांचे शब्द, नावाच्या नोंदणीचं पत्र, प्राणी वापरले नसल्याचं हमीपत्र, मुलांच्या परवानगीची प्रत, संपूर्ण संवादसंहिता आणि तिचा अनुवाद, एवढं सगळं लागलं. संवादसंहिता म्हणजे मूळ पटकथा नव्हे. अंतिम चित्रपटात जे ऐकू येतं तेच, शब्दाला शब्द. मी चित्रपट पुन्हा पुन्हा थांबवत ते उतरवून काढलं. हिंदी अनुवाद स्वतः केला. आमच्या ऑटोवाल्याचं बोलणं हिंदीत नेताना एकेका वाक्यावर अर्धा अर्धा तास गेला, आणि दोन संवाद तर इतके पोकळ निघाले की मी चित्रपटातूनच काढले. या कामाला आठवडाभर तरी मोकळा ठेवा आणि दुसऱ्यावर सोपवू नका.

लांबी १०४ मिनिटं. ७२ मिनिटांच्या वर असेल तर तो पूर्ण लांबीचा चित्रपट धरतात, त्यावर शुल्क आणि समिती दोन्ही ठरतात. शुल्क पोर्टलच काढून दाखवतं. घाई असलेल्यांसाठी जादा शुल्क देऊन लवकर परीक्षण करून घ्यायची सोय २०२४ च्या नव्या नियमांत आहे. आम्ही ती घेतली नाही, प्रदर्शनाची तारीख ठरलेली नव्हती. डीसीपी, म्हणजे थेटरात दाखवायची डिजिटल प्रत, मुंबईत करून घेतला, तीस हजारांच्या आत झाला. त्यात तंबाखूच्या चित्रफिती आणि मुलांबाबतचं निवेदन, म्हणजे चित्रीकरणात मुलांचं शोषण वा हेळसांड होऊ नये म्हणून सर्व काळजी घेतली असं सांगणारं, आधीच जोडलेलं हवं. मे महिन्यात अर्ज गेला. छाननीत दोन त्रुटी निघाल्या, एका गाण्याच्या ओळी संहितेत वेगळ्या होत्या आणि एका हमीपत्रावर शिक्का पुसट होता. दोन्ही सुधारून पाठवलं. मग वाट बघणं. रोज सकाळी पोर्टल उघडायचं आणि तीच स्थिती बघायची. त्या दिवसांत मी फार चिडचिडी झाले होते. आई म्हणायची, बारावीच्या निकालालाही तू अशी नव्हतीस.

जूनच्या शेवटी परीक्षणाची तारीख आली. दुरांतोने मुंबईला गेले. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात मंडळाचं कार्यालय आहे. परीक्षण समिती चित्रपट बघते तेव्हा आपल्याला आत बसता येत नाही. मामेभाऊ आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. १०४ मिनिटं काय असतात ते तेव्हा कळलं. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, तो कुठला सीन असेल याचा आम्ही हिशेब करत बसलो. चित्रपट संपल्यावर सदस्य आपापली मतं लेखी नोंदवतात, मग आपल्याला आत बोलावतात.

मी घाबरले होते, पण बोलणं सभ्य आणि मुद्द्याचं झालं. त्यांनी विचारलं, मुलगा पुडी फेकतो तो सीन का ठेवला. मी सांगितलं. एक शिवी म्यूट करायला सांगितली, मला वाटतं ती राहिली असती तरी चाललं असतं, पण सात वर्षांच्या मुलांनीही हा चित्रपट बघावा असं मीच म्हणत होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या, वर्गाचे तीन भाग झालेत: ७+, १३+, १६+. शिवीसकट १३+ आणि शिवीशिवाय ७+, असा तो प्रश्न होता. मी ७+ निवडलं. काही दिवसांनी पोर्टलवर पत्र आलं, त्यात बदल लिहून दिलेले होते. ते करून, बदललेला भाग आणि हमीपत्र पाठवलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं.

समितीचं म्हणणं पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्यानंतरचं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. आम्हाला ती वेळ आली नाही, पण माहीत असलेलं बरं. पूर्वी प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी असायचं. ती मुदत आता काढून टाकली आहे, ते कायम राहतं.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी घरी होते. बाबांनी ते मोबाईलवर मोठं करून वाचलं, दिग्दर्शकाचं नाव कुठे आहे ते शोधत. आणि सगळ्यात आधी फोन केला तो मुलांच्या घरी. सातही घरांतून पहिला प्रश्न आला की थेटरात कधी.

त्याचं उत्तर सध्या असं आहे: वितरकाशी बोलणं चालू आहे, आधी नागपूर, अमरावती, वर्धा आणि चंद्रपूर इथल्या पडद्यांवर, मग जमेल तसं पुणे-मुंबई. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर राज्य शासनाच्या मराठी चित्रपट अनुदान योजनेसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे अर्ज करायचा आहे. त्यासाठी खर्चाची बिलं आतापासून तारखेवार लावून ठेवतो आहोत, मामेभाऊ दर रविवारी सीएकडे बसतो. जिल्हाधिकारी कार्यालयातला बालकलाकारांचा अर्ज, झोनच्या अर्जाचा मजकूर आणि संवादसंहितेचा तक्ता, यांचे कोरे नमुने माझ्याकडे आहेत. कुणाला हवे असतील तर मागून घ्या. फक्त मागण्याआधी मुलांचे नियम एकदा स्वतः वाचा, मग तुमच्या पटकथेबद्दल आपण जास्त नीट बोलू शकू.